किलपेकच्या चर्चवरील शिल्पें

युरोपांतील मध्ययुगीन ख्रिस्ती शिल्पाविषयीं कोणी लिहूं लागला म्हणजे त्याची दृष्टि साहजिकच शार्त्र, रेम्स किंवा कँटरबरी अशा महामंदिरांकडे वळते. हीं मंदिरें भव्य आहेत, तेथील कारागीर कुशल होते, आणि मूर्तींची मांडणी विद्वान् धर्मगुरूंच्या सल्ल्यानें झालेली असल्यामुळें तिचा अर्थही ग्रंथांच्या आधारें बराचसा लावतां येतो. परंतु ज्या काळीं हीं महामंदिरें उभीं राहत होतीं त्याच काळीं खेडोपाडींही दगडी चर्चें बांधलीं जात होतीं. पॅरिश म्हणजे एका पाद्र्याच्या धर्मसेवेखालीं असलेली वस्ती. तिच्या चर्चमध्यें गांवच्या माणसाचा बाप्तिस्मा होई, त्याच्या दारांत त्याचें लग्न लागे, आणि अखेर त्याच्याच आवारांत त्यास मूठमाती मिळे. अशा गांवच्या चर्चवर जेव्हां शिल्पें आढळतात तेव्हां एक प्रश्न उभा राहतो: हीं शिल्पें कोणासाठीं कोरलीं, आणि ज्यांच्यासाठीं कोरलीं त्यांस त्यांत काय दिसत होतें?

या प्रश्नाला एक ठरीव उत्तर आहे. इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेय येथील बिशप सेरेनस यानें आपल्या चर्चमधील चित्रें फोडून टाकिलीं, तेव्हां पोप पहिला ग्रेगरी यानें त्यास पत्रानें समज दिली. चित्रांची पूजा करूं नये हें खरें. पण ज्यांस अक्षरज्ञान नाहीं त्यांस वाचकाला ग्रंथापासून मिळणारें ज्ञान चित्रांपासून मिळतें, असा त्या पत्राचा आशय होता. तेव्हांपासून चर्चमधील शिल्प म्हणजे निरक्षरांचें बायबल, हें मत रूढ झालें, आणि आजही प्रवासवर्णनांतून व मार्गदर्शिकांतून तें निःशंकपणें सांगितलें जातें. तें सर्वस्वी खोटें नाहीं. पण इंग्लंडमधील हेरफर्डशायर परगण्यांत किलपेक नांवाचें एक खेडें आहे. तेथील चर्चपुढें उभें राहिलें असतां हें उत्तर अपुरें पडतें. कारण तेथें दगडावर पुष्कळ कांहीं कोरलेलें आहे, आणि त्यांत बायबलांतील एकही कथा नाहीं. ना ख्रिस्ताचा जन्म, ना क्रूसावरील मरण, ना अखेरचा न्याय. मग निरक्षर माणसानें तेथें वाचावें तरी काय?

किलपेक हें गांव हेरफर्ड शहराच्या नैऋत्येस, वेल्सच्या सीमेजवळ वसलेलें आहे. आज तें लहानसें खेडें आहे; परंतु बाराव्या शतकांत चर्चच्या पश्चिमेस एक गढी होती व तिची मातीची उंच टेकडी अद्यापि शिल्लक आहे. हा मुलूख आर्चनफील्ड या नांवानें ओळखला जाई. तो इंग्लंडच्या राजाच्या सत्तेखालीं असला तरी तेथील लोक वेल्श होते व त्यांचे कायदेही वेगळे होते. १०८६ सालच्या डूम्सडे नामक जमीनपाहणींत या लोकांचा एक विशेष नोंदलेला आहे: राजाचें सैन्य वेल्सवर चालून जातांना त्यांनीं आघाडीस राहावें आणि परततांना पिछाडी सांभाळावी, अशी त्यांची वहिवाट होती. म्हणजे दोन्ही वेळां शत्रूच्या अगदीं निकट यांनींच असावयाचें. त्याच पाहणींत किलपेकची जमीन विल्यम फिट्झ नॉर्मन याच्याकडे असल्याचें नमूद आहे. त्याचा मुलगा ह्यू हा राजाच्या अरण्याचा रखवालदार होता. ह्यूनें ११३४ सालीं किलपेकचें चर्च ग्लॉस्टर येथील सेंट पीटरच्या मठास अर्पण केलें, आणि आज उभी असलेली इमारत त्याच सुमाराची, साधारण ११४० ची, आहे असें अभ्यासक मानितात.

हें चर्च सेंट मेरी व सेंट डेव्हिड अशा दोघांच्या नांवें आहे. डेव्हिड हा वेल्श लोकांचा संत. लँडाफच्या जुन्या दानपत्रसंग्रहांत किलपेक येथील डेव्हिडच्या चर्चचा उल्लेख आढळतो, आणि सध्यांच्या मंडपाच्या ईशान्य कोपऱ्यांत त्याहूनही जुन्या, नॉर्मनपूर्व बांधकामाचा थोडा भाग टिकून आहे. तेव्हां ह्यूनें ओसाड माळावर नवें मंदिर उभारलें नाहीं. जुन्या पवित्र जागेवरच आपल्या काळाची दगडी खूण उभी केली. काळही शांततेचा नव्हता. ११३५ सालीं पहिला हेन्री वारला व स्टीफन आणि माटिल्डा यांच्यांत राज्यासाठीं तंटा सुरू झाला. पुढील जवळजवळ वीस वर्षें इंग्लंडांत यादवी माजली होती, व हेरफर्डचा प्रदेश तिच्या ऐन झळीखालीं होता. किलपेकच्या दारावरचे सैनिक पाहतांना ही पार्श्वभूमि ध्यानांत ठेविली पाहिजे.

चर्चची रचना आमच्या वाचकांस सहज समजेल अशी आहे. पश्चिमेस लोकांनीं उभें राहावयाचा मंडप, त्यापुढें अंतराळासारखें मधलें दालन, आणि पूर्वेस वेदी असलेला अर्धवर्तुळाकार गाभारा. आपल्याकडील लहान देवळाप्रमाणेंच पावलापावलानें आंत जावयाचें व जागा उत्तरोत्तर अरुंद आणि पवित्र होत जावयाची. दगड तांबूस वाळूचा आहे, पण तो इतका कठीण व घट्ट कणाचा आहे कीं पावणेनऊशें वर्षांच्या पावसानेंही त्याच्या कोरीव रेषा बोथट झालेल्या नाहींत. मध्ययुगांत अशीं शिल्पें रंगविण्याची चाल होती. म्हणून मूळच्या ग्रामस्थांनीं पाहिलेलें दार आजच्यापेक्षां पुष्कळच भडक असावें.

हें दक्षिणद्वार हा या इमारतीचा सर्वांत प्रसिद्ध भाग होय. दाराच्या माथ्यावरील अर्धवर्तुळाकार पटावर एक झाड कोरलें आहे. त्याचा बुंधा सरळ असून फांद्या दोन्हीकडे समतोल वळल्या आहेत, आणि त्यांना द्राक्षांचे घोंस लागले आहेत. त्याभोंवतालच्या आंतल्या कमानींत पशूंचीं व पक्ष्यांचीं मुंडकीं रांगेनें बसविलीं असून तीं आपल्या चोचींनीं व जबड्यांनीं कमानीची गोलाई धरून आहेत. माथ्याच्या दगडावर मात्र एक देवदूत आहे. बाहेरच्या कमानींत एकमेकांस साखळीनें जोडलेलीं वर्तुळें आहेत व त्यांत पक्षी, मासे, व्याल असे प्राणी गुंतले आहेत. खालीं बाहेरच्या खांबांवर लांबच लांब सर्प असून एकानें दुसऱ्याचें शेपूट गिळलें आहे. आंतल्या डाव्या खांबावर वेलींच्या विळख्यांत सांपडलेले दोन किडकिडीत सैनिक एकावर एक उभे आहेत. त्यांच्या अंगांत घट्ट चुणीदार कपडे, पायांत विजारी व डोक्यावर टोंकदार टोप्या आहेत. उजव्या खांबावरही वेलच आहे, परंतु तेथें माणसें नाहींत. तळाशीं दोन पक्षी मात्र आहेत.

या सर्वांचा अर्थ कसा लावावा? येथें आम्हांस एक पथ्य पाळणें अवश्य वाटतें. चिन्हांचे अर्थ सांगतांना त्यांच्या निश्चितीच्या पायऱ्या वेगळ्या ठेविल्या पाहिजेत. एखाद्या अर्थास बायबलाचा किंवा सार्वत्रिक रूढीचा स्पष्ट आधार असतो. एखादा अर्थ शेजारच्या शिल्पांच्या तुलनेनें संभवनीय ठरतो. आणि एखाद्याला आपल्या कल्पनेखेरीज दुसरा आधार नसतो. तिन्ही अर्थ एकाच ठाम सुरांत सांगणारीं पुस्तकें पुष्कळ आहेत, आणि त्यांनीं या विषयाचें नुकसानच केलें आहे.

दारावरील झाड पहिल्या पायरीवर बसतें. उत्पत्तीच्या पुस्तकांत एदेनच्या बागेच्या मध्यभागीं जीवनवृक्ष सांगितला आहे, व बायबलाच्या शेवटच्या पुस्तकांत तोच स्वर्गीय नगरांत पुन्हां येतो. योहानाच्या शुभवर्तमानांत ख्रिस्त स्वतःस द्राक्षवेल म्हणवितो, आणि चर्चमधील मुख्य विधींत द्राक्षारसच त्याच्या रक्ताचें स्थान घेतो. तेव्हां जीवनवृक्षाला द्राक्षें लावून कारागिरानें दोन्ही कल्पना एकत्र केल्या. मनुष्य ज्या बागेंतून हांकलला गेला तिचें झाड आतां चर्चच्या दारावर आहे, आणि त्या खालून आंत जाणाऱ्यास त्याचें फळ वेदीपाशीं मिळावयाचें आहे. ही कल्पना कथारूपानें सांगितलेली नाहीं. ती दाराच्या जागेंतच सामावलेली आहे. हा पट काढून एखाद्या पदार्थसंग्रहालयांत ठेविला तर झाड राहील, अर्थ जाईल.

सैनिकांचा प्रश्न दुसऱ्या पायरीचा आहे. कोणी त्यांस वेल्श योद्धे म्हणतात. आर्चनफील्डच्या लोकांचें लष्करी ब्रीद पाहतां ही सूचना आकर्षक आहे. पण नुसत्या पोषाखावरून सैनिकांचें देशत्व सिद्ध होत नाहीं, आणि झालें तरी ते वेलींत कां अडकले आहेत हें कळत नाहीं. येथें त्याच परगण्यांतील अर्डिस्ली या गांवचें चर्च साहाय्यास येतें. तेथें बाप्तिस्म्याचें एक दगडी पात्र आहे व त्याची घडण उघडच किलपेकच्या कारागिरांच्या पंथाची आहे. त्यावरही असेच चुणीदार कपड्यांतले दोन सैनिक आहेत. ते वेलींच्या जाळ्यांतच परस्परांशीं लढत आहेत. परंतु त्या पात्रावर आणखी एक दृश्य आहे. त्यांत ख्रिस्त एका माणसाचें मनगट धरून त्यास अशाच जाळ्यांतून ओढून काढीत आहे. मरणानंतर ख्रिस्तानें अधोलोकांत उतरून तेथील जीवांस सोडविलें, हा तो प्रसंग होय. म्हणजे या कारागिरांच्या भाषेंत वेलींचा गुंता हा निव्वळ शोभेचा नव्हता. निदान एका ठिकाणीं तरी त्यांनीं त्याचा अर्थ पापाचें व मृत्यूचें बंधन असा स्पष्ट केला आहे. हा धागा किलपेककडे आणिला तर तेथील सैनिकही मोहपाशांत गुरफटलेला मनुष्य दाखवितात असें मानण्यास जागा आहे. मग डाव्या खांबावरील गुंतलेलीं माणसें व उजव्या खांबावरील शांत पक्षी, आणि दोहोंच्या मध्यें उघडें दार, ही मांडणी हेतुपुरस्सर वाटूं लागते. यादवीच्या काळांत ज्यांचे भाऊ व मुलगे लढाईवर जात त्यांस ही मूर्ति दाखवावयास कोण्या पंडिताची गरज नव्हती.

पशुपक्ष्यांच्या बाबतींत मध्ययुगाजवळ एक विशेष ग्रंथपरंपरा होती. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या कांहीं शतकांत ग्रीक भाषेंत ‘फिजिओलोगस’ नांवाचा ग्रंथ तयार झाला. त्यांत प्राण्यांचे खरे व काल्पनिक स्वभाव सांगून त्यांवर धर्मबोध बसविलेला होता. सिंहाचे छावे मेलेले जन्मतात व तिसऱ्या दिवशीं पिता त्यांच्यांत श्वास फुंकून त्यांस जिवंत करितो. पेलिकन पक्षी आपली छाती फोडून पिलांना रक्त पाजितो. अशा त्या गोष्टी. लॅटिन भाषांतरावरून पुढें ‘बेस्टिअरी’ म्हणून पशुग्रंथ निर्माण झाले, आणि बाराव्या शतकांत इंग्लंडमध्यें त्यांस विशेष बहर आला. आपल्या पंचतंत्राप्रमाणें हे प्राणीही शहाणपण शिकवितात. भेद इतकाच कीं पंचतंत्रांतला सिंह राजनीति शिकवितो, तर बेस्टिअरींतला सिंह पुनरुत्थान. किलपेकच्या बाहेरील कमानींतल्या प्राण्यांत कांहीं अभ्यासकांनीं या ग्रंथांतील फीनिक्स व इतर प्राणी ओळखिले आहेत. एकेका प्राण्याविषयीं मतभेद होऊं शकतो, परंतु त्या काळच्या कारागिराच्या व त्याच्या यजमानाच्या मनांत प्राणी हा केवळ प्राणी नसून बोधाचें वाहन होता, एवढें निश्चित आहे.

येथपर्यंत आपला मार्ग बराच सुकर होता. आतां छपराकडे पाहिलें कीं अडचण सुरू होते. वळचणीखालीं सर्व बाजूंनीं दगडी तोड्यांची रांग फिरली आहे. मुळांत ते ९१ असावेत, त्यांपैकीं ८५ आज शिल्लक आहेत. प्रत्येकावर वेगळें शिल्प आहे. क्रूस धारण केलेलें कोंकरूं आहे. तें ख्रिस्ताचें सर्वमान्य चिन्ह होय. पण त्याच रांगेंत लोंबत्या कानांचा कुत्रा व त्याला बिलगलेला ससा आहे. सारंगीसारखें वाद्य वाजविणारा वादक आहे. एकमेकांस कवटाळणारें एक जोडपें आहे, तें कुस्तीगिरांचें कीं प्रेमिकांचें हें पाहणाऱ्यानें ठरवावें. माणसास जबड्यांत धरलेलें श्वापद आहे. डुक्कर आहे, एडका आहे. पश्चिमेच्या भिंतीवर तर तोंड वासलेलीं, जिभेचें वेटोळें केलेलीं मकरासारखीं मुंडकीं पुढें आलीं आहेत. त्यांचें साम्य नॉर्वेमधील लांकडी चर्चांशीं व व्हायकिंग कलेशीं दाखविलें जातें.

कुत्र्याची व सशाची जोडी पाहून आजचा प्रवासी हंसतो, आणि आमच्या मतें बाराव्या शतकांतला शेतकरीही हंसला असेल. कोणी तीस सैतान व जीवात्मा यांचें रूपक म्हणतात. परंतु त्या दोन चेहऱ्यांवर शिकार नाहीं, शेजार आहे. येथें एका समकालीन विद्वानाची साक्ष उपयोगी पडते. क्लेरव्होचा मठाधिपति बर्नार्ड यानें ११२५ च्या सुमारास आपला मित्र सेंट थिएरीचा विल्यम यास लिहिलेल्या प्रकरणांत मठांतील अशा शिल्पांवर कडक टीका केली आहे. हीं माकडें, हे सिंह, अर्धे मनुष्य व अर्धे पशु असे हे विचित्र आकार मठांत कशास हवे. यांच्यामुळें साधूंचें लक्ष ग्रंथाकडून दगडाकडे जातें. आणि मूर्खपणाची लाज नसली तरी निदान खर्चाची तरी असावी, असा त्याचा रोख आहे. यांत दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं बर्नार्ड हा रूपकें उलगडण्यांत आपल्या काळचा धुरंधर होता, तरी या आकारांस त्यानें एकही गूढ अर्थ दिला नाहीं. दुसरी ही कीं त्याचा आक्षेप मठांतील साधूंपुरता होता. सामान्य लोकांची भक्ति बाह्य शोभेनें जागी करणें हें बिशपांचें काम निराळें, असें तो स्वतःच मान्य करितो. तेव्हां गांवच्या चर्चवरील कांहीं शिल्पें केवळ मन रमविण्यासाठीं, पाहणाऱ्याचे पाय थांबविण्यासाठीं, कोरलीं गेलीं असें म्हटल्यानें त्यांचा अपमान होत नाहीं.

या तोड्यांपैकीं एकावर जें शिल्प आहे त्यामुळें किलपेकचें नांव दूरवर गेलें आहे. गाभाऱ्याच्या बाहेरील बाजूस एक स्त्रीमूर्ति आहे. डोकें मोठें, डोळे वटारलेले, अंग किरकोळ, आणि दोन्ही हातांनीं तिनें आपलें गुह्यांग ताणून उघडें केलें आहे. अशा मूर्तींस आयर्लंडमधील ‘शीला-ना-गिग’ हें नांव पडलें आहे. त्या देशांत त्या शंभराहून अधिक सांपडल्या आहेत. १८४२ सालीं जॉर्ज रॉबर्ट लुइस यानें किलपेकचीं शिल्पें रेखाटून प्रसिद्ध केलीं, तेव्हां त्यानें या मूर्तीस स्त्री म्हणण्याचेंही टाळलें. आपलें हृदय उघडून दाखविणारा हा एक भोळा मनुष्य आहे, अशा तऱ्हेचा अर्थ त्यानें बसविला. त्या गृहस्थाची नजर अधू नव्हती. त्याच्या काळच्या मर्यादेनें त्याच्या पेन्सिलीस आवर घातला. उलट आपल्या काळांत कित्येक लेखक तीच मूर्ति म्हणजे ख्रिस्तपूर्व आदिमातेचा अवशेष असें उत्साहानें सांगतात. १९८६ सालीं वीर व जर्मन या दोन संशोधकांनीं दाखविलें कीं अशाच कामुक मूर्ति फ्रान्स व स्पेनमधील यात्रामार्गांवरील चर्चांवरही आहेत, व त्यांचा हेतु वासनेविरुद्ध ताकीद देण्याचा असावा. बार्बरा फ्राइटाग या विदुषीनें २००४ सालीं त्यांचा संबंध बाळंतपणाच्या लोकश्रद्धेशीं जोडला.

मराठी वाचकास येथें लज्जागौरीचें स्मरण झाल्यावांचून राहणार नाहीं. तेर येथें मिळालेल्या तशा मूर्ति व डॉ. रा. चिं. ढेरे यांचा त्या विषयावरील ग्रंथ पुष्कळांस परिचित आहे. दोन्हींत देहाची ठेवण सारखी वाटते, परंतु सारखेपणा म्हणजे नातें नव्हे. लज्जागौरीच्या मस्तकाच्या ठिकाणीं बहुधा कमळ असतें, तिला नांवें आहेत, पूजा आहे, कथा आहेत. संततीच्या आशेनें तिच्यापुढें हात जोडले गेले. किलपेकची मूर्ति वळचणीखालीं, हात न पोंचेल अशा जागीं, श्वापदांच्या व विदूषकांच्या पंक्तींत बसली आहे. तिच्या पूजेचा एकही लेख नाहीं. दोन संस्कृतींनीं स्त्रीदेहाच्या त्याच सामर्थ्याकडे पाहिलें, एकीनें त्यास फूल वाहिलें व दुसरीनें त्यास भिंतीच्या बाहेर पण भिंतीवरच ठेविलें. याहून अधिक सांगण्याचा मोह आवरलेला बरा.

असाच प्रकार तोंडांतून पानें ओकणाऱ्या मुखवट्यांचा. दक्षिणद्वाराच्या उजव्या खांबाच्या शिरोभागीं असें एक मुख आहे. त्यास आज सर्वत्र ‘ग्रीन मॅन’ म्हणजे हिरवा पुरुष म्हणतात, आणि तो वनदेवतेचा प्राचीन अवशेष आहे असें सांगतात. परंतु चर्चशिल्पांतील या मुखास हें नांव लेडी रॅग्लन यांनीं १९३९ सालीं एका लेखांत दिलें. बाराव्या शतकांतील कोणीही त्यास त्या नांवानें ओळखीत नव्हता. आपल्या देवळांच्या उंबरठ्यावरील कीर्तिमुखाशीं त्याची तुलना उद्बोधक होईल. कीर्तिमुखास पुराणांत कथा आहे. शिवाच्या आज्ञेवरून स्वतःचेंच शरीर खाऊन उरलेलें तें मुख, व दारावर बसण्याचा मान त्यास मिळाला. हिरव्या पुरुषाच्या बाबतींत आधीं दगड आहे, मग आठशें वर्षांनीं नांव, आणि नांवाच्या मागून कथा. नांव दिलें कीं अर्थ कळल्यासारखें वाटतें. प्राचीन शिल्पाच्या अभ्यासकास याहून मोठा धोका नाहीं.

या कारागिरांस ही विद्या कोठून मिळाली, याचा थोडा माग लागतो. किलपेकच्या उत्तरेस, त्याच परगण्यांत, शॉब्डन नांवाचें गांव आहे. तेथील चर्च ऑलिव्हर द मर्लिमंड या सरदाराच्या कारभाऱ्यानें बांधविलें. विग्मोर मठाच्या बखरींत लिहिलें आहे कीं हा ऑलिव्हर स्पेनमधील सांतिआगो दे कोंपोस्तेला या क्षेत्राच्या यात्रेस गेला होता. फ्रान्समधून स्पेनकडे जाणाऱ्या त्या यात्रामार्गावर त्या काळचीं उत्तमोत्तम शिल्पमंडित मंदिरें होतीं. किलपेकच्या मंडपांतून गाभाऱ्याकडे जातांना जी कमान लागते तिच्या दोन्ही बाजूंस प्रेषितांच्या तीन तीन मूर्ति एकावर एक उभ्या आहेत. खांबावर अशा मूर्ति रचण्याची तऱ्हा सांतिआगोच्या दक्षिणद्वारावरही आढळते. म्हणजे सीमेवरच्या या आडगांवीं व्हायकिंगांचे मकर, वेल्श संत, नॉर्मन धनी व स्पेनच्या यात्रेची आठवण, हीं सर्व एका दगडांत मिसळलीं. खेडें एकाकी होतें, पण त्याची कला एकाकी नव्हती.

प्रेषितांच्या या मूर्तींपाशीं आपण पहिल्या पायरीवर परत येतों. त्यांतील एकाच्या हातांत किल्ली आहे. तो पीटर, स्वर्गाच्या दाराचा रखवालदार. बाहेरच्या गर्दीनंतर येथें एकदम शांतता आहे. पशु नाहींत, गुंते नाहींत. उभे, गंभीर पुरुष आहेत, आणि त्यांच्या पलीकडे वेदी. गाभाऱ्याच्या छताच्या कमानी जेथें मिळतात तेथें मात्र चार सिंहमुखें खालीं पाहत आहेत. बाहेर अनेक प्राण्यांत वांटला गेलेला सिंह येथें वेदीवरील पहारेकरी झाला आहे. निरक्षर ग्रामस्थास बायबलाच्या कथा येथें वाचावयाच्या नव्हत्या. त्या तो उपदेशांतून व सणांतून ऐकत असे. दगडानें त्याला चालावयास लाविलें. बाहेरील जगांत भय आहे, हंसूं आहे, वासना आहे, संगीत आहे, भक्षक आहेत व भक्ष्य आहे. त्यांतून तो दारापाशीं येतो, एका खांबावर गुंतलेला मनुष्य व माथ्यावर जीवनवृक्ष पाहतो, आणि आंत जातो. सगळ्या तोड्यांस या योजनेंत ओढून बसविण्याची गरज नाहीं. जग आपल्या सर्व अव्यवस्थेसह भिंतीबाहेर उरलें तरी योजना पुरी होते.

हें सर्व आज आपणांस दिसतें, याचें श्रेय कठीण दगडास जसें आहे तसें गांवच्या लहानपणासही आहे. शॉब्डनची कथा याच्या अगदीं उलट आहे. तेथील शिल्प किलपेकच्या तोडीचें होतें. परंतु १७५० नंतरच्या दशकांत तेथील धनिक कुटुंबास जुनें चर्च पाडून नव्या हौसेचें चर्च बांधावेंसें वाटलें. त्यांनीं जुन्या शिल्पांचा तिरस्कार केला नाहीं; उलट त्यांचें कौतुक करून कोरीव कमानी व पट उचलले आणि आपल्या बागेच्या टेकडीवर शोभेसाठीं उघड्यावर उभे केले. पुढें दोन अडीच शतकें पाऊस व थंडी यांनीं त्यांस झिजवून टाकिलें. लुइसनेंच १८५२ सालीं प्रसिद्ध केलेल्या चित्रांवरून तेथें काय होतें याची कल्पना करावी लागते. किलपेकच्या वाट्यास असे श्रीमंत रसिक आले नाहींत. गढी पडली, तेथील लहानसा मठ १४२८ सालीं बंद झाला, गांव आटलें. आणि चर्च मात्र आपल्या पॅरिशच्या उपयोगांत राहिलें म्हणून त्याची डागडुजी होत गेली. आजही तेथें उपासना होते.

म्हणून या शिल्पांच्या अर्थाचा विचार करतांना आम्हांस ग्रंथांइतकेंच त्या दाराचें महत्त्व वाटतें. कारागिरानें झाड कोरलें तें कोणी त्याखालून जावें म्हणून. शॉब्डनच्या कमानींखालून जाणारा कोठेंच पोंचत नाहीं. त्यांच्या पलीकडे गवत आहे. किलपेकच्या दाराखालून मात्र गेलीं पावणेनऊशें वर्षें लोक आंत जात आहेत. त्यांतील बहुतेकांनीं फिजिओलोगसचें नांव ऐकलें नव्हतें, आणि कुत्र्याचा व सशाचा अर्थ त्यांनीं कोणास विचारला असेल असेंही नाहीं. आपल्या गांवच्या देवळाच्या द्वारशाखेवरील आकृतींची नांवें आपल्यापैकीं तरी किती जणांस सांगतां येतील? तरीही त्यांतील एखादी कोणी फोडली तर आपणांस लागतें. असा जिव्हाळा हाही अर्थाचाच एक प्रकार आहे, आणि विद्वानांच्या चर्चेंत त्याची नोंद होत नसली तरी दगड टिकतो तो पुष्कळदां त्याच्याच बळावर.